आर्किटेक्चर, प्लॅनिंग की डिझाइन? मास्टर्सच्या अर्जाआधी आपलं दार ओळखा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा मेसेज येतो. "ताई, मास्टर्सला अर्ज करायचाय, काय काय लागतं?" सोबत एक यादीही असते: ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक), पोर्टफोलिओ (निवडक कामांची फाइल), एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारा लेख), तीन शिफारसपत्रं, सीव्ही, इंग्रजीची परीक्षा. यादी बरोबरच असते, कुठल्याही विद्यापीठाच्या पानावर ती मिळते. घोळ होतो तो पुढे. आर्किटेक्चर, प्लॅनिंग आणि डिझाइन या तिघांची यादी जवळजवळ सारखी दिसते, म्हणून मुलं एकच फाइल बनवतात आणि तिन्हीकडे धाडतात. पण यादीतल्या कुठल्या कागदाला किती वजन, हे तिन्हीकडे वेगळं असतं.

ही भावंडं एका छपराखाली आली तीच मुळात उशिरा. लिव्हरपूल विद्यापीठाने १९०९ मध्ये 'सिव्हिक डिझाइन'चा विभाग काढला, तो नगरनियोजन शिकवणारा पहिला. हार्वर्डमध्ये आर्किटेक्चर, लँडस्केप आणि प्लॅनिंग यांच्या वेगवेगळ्या शाळा होत्या. १९३६ मध्ये त्या एकत्र करून ग्रॅज्युएट स्कूल ऑफ डिझाइन झाली. आज बऱ्याच ठिकाणी हे विभाग एकाच इमारतीत असतात, पण अर्ज वाचणारी माणसं वेगळी आणि त्यांची नजरही वेगळी. त्यामुळे फॉर्म उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा.

पहिली पायरी: आधीची डिग्री कोणत्या दाराशी नेते?

सगळ्यात जास्त गोंधळ आर्किटेक्चरमध्ये, म्हणून तिथूनच सुरुवात.

अमेरिकेत 'एम.आर्क.' या एका नावामागे तीन रस्ते आहेत. ज्यांची पदवी दुसऱ्याच विषयातली आहे, म्हणजे इतिहास, गणित, जीवशास्त्र काहीही, त्यांच्यासाठी साधारण तीन ते साडेतीन वर्षांचा कोर्स असतो. हार्वर्डचा 'एम.आर्क. वन' सात सेमिस्टरचा आहे, तो याच प्रकारातला. ज्यांनी चार वर्षांची आर्किटेक्चरची पदवी घेतली पण ती व्यावसायिक, म्हणजे लायसन्ससाठी धरली जाणारी, पदवी नव्हती, त्यांना वरच्या वर्गात घेऊन सुमारे दोन वर्षांत सोडतात. आणि ज्यांच्याकडे पाच वर्षांची बी.आर्क. आहे त्यांच्यासाठी एक ते दोन वर्षांचा पोस्ट-प्रोफेशनल कोर्स: कुठे 'एम.आर्क. टू', कुठे 'एम.एस.'.

खाचखळगा या तिसऱ्या रस्त्यात आहे. अमेरिकेत आर्किटेक्चरच्या व्यावसायिक पदव्यांना मान्यता देणारी संस्था नॅब, ती १९४० पासून आहे. पोस्ट-प्रोफेशनल पदव्या तिच्या मान्यतेच्या कक्षेत येतच नाहीत. तेव्हा पुढे तिथेच लायसन्स घेऊन प्रॅक्टिस करायची असेल, तर 'दीड वर्षात उरकतंय' म्हणून खूश होण्याआधी लायसन्स देणारं राज्य तुमची मूळ पदवी कशी मोजतं ते बघा. संशोधन, शिकवणं किंवा एखाद्या विषयात खोल जाणं हा हेतू असेल, तर तोच छोटा कोर्स उत्तम.

युरोपातलं गणित निराळं. तिथे बॅचलर १८० क्रेडिटची आणि मास्टर्स १२० ची, अशी घडण आहे, आणि दुसरी ही पहिलीचाच पुढचा भाग समजली जाते. डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात आर्किटेक्चरची मास्टर्स दोन वर्षांची आहे, पण साहित्याची पदवी घेऊन तिच्या दारात उभं राहता येत नाही. आधीची पदवी त्याच विषयातली लागते. ब्रिटनमध्ये व्यावसायिक मास्टर्स म्हणजे रीबा या तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचा 'पार्ट टू', आर्किटेक्ट होण्याचा दुसरा टप्पा, आणि त्यासाठी 'पार्ट वन' किंवा त्याच्या तोडीची पदवी बघतात. तिथे नावाने फसायला होतं. लंडनच्या बार्टलेट या आर्किटेक्चरच्या शाळेत 'आर्किटेक्चर एम.आर्क.' हा पार्ट टूचा कोर्स आहे आणि 'आर्किटेक्चरल डिझाइन एम.आर्क.' हा वेगळा, एका वर्षाचा, पार्ट टू नसलेला. एक शब्द इकडचा तिकडे, आणि अख्खी वाट बदलते.

प्लॅनिंगचं दार सगळ्यात रुंद. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, सिव्हिल, कायदा, पत्रकारिता, कुठूनही या. अमेरिकेत दोन वर्षं, नावं एम.सी.पी., एम.यू.पी., एम.आर.पी. अशी, आणि त्यांच्यातल्या फरकावर डोकं खपवायची गरज नाही, पॅब या संस्थेची मान्यता आहे का एवढं पाहा. ब्रिटनमध्ये बहुतेक एक वर्ष, आणि तिथे बघायची मान्यता आरटीपीआय या नगरनियोजकांच्या संस्थेची.

डिझाइनमध्ये एम.डेस., एम.ए., एम.एफ.ए. अशी पाटी असते. एम.एफ.ए. जास्त कलेकडे झुकणारी आणि अमेरिकेत शिकवण्यासाठी त्या क्षेत्रातली शेवटची पदवी मानली जाणारी. येलच्या ग्राफिक डिझाइनमध्ये ज्यांना या विषयाची पूर्वतयारी नाही त्यांच्यासाठी आधी एक वर्ष जोडलेला तीन वर्षांचा रस्ताही आहे. अशी जास्तीची वर्षं मुलांना शिक्षा वाटतात. झाहा हदीद आधी बैरूतमध्ये गणित शिकल्या आणि मग १९७२ मध्ये लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये आर्किटेक्चर शिकायला गेल्या. आडवाटेने येणं इथे नवीन नाही, फक्त त्या वाटेला वेळ लागतो हे धरून चला.

दुसरी पायरी: राहिलेले विषय

ही ओळ फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि हमखास सुटते. दुसऱ्या विषयातून आर्किटेक्चरला येणाऱ्यांकडे अनेक शाळा कॅल्क्युलस, फिजिक्स, आर्किटेक्चरचा इतिहास आणि हाताने केलेलं ड्रॉइंग यांतले काही विषय मागतात. प्लॅनिंगवाले कधी कधी स्टॅटिस्टिक्स आणि प्राथमिक अर्थशास्त्र मागतात. अर्ज करतानाच हे झालेलं हवं की कोर्स सुरू होण्यापूर्वी झालं तरी चालेल, हे शाळागणिक बदलतं. ऑनलाइन केलेला कोर्स चालत असेल तरी गुणांची अधिकृत नोंद लागते. नुसतं 'पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र' बहुतेक ठिकाणी उपयोगी पडत नाही. हे अर्जाच्या सात-आठ महिने आधी तपासलं तर एखादा विषय आरामात उरकता येतो.

तिसरी पायरी: पोर्टफोलिओ

आर्किटेक्चर आणि डिझाइनमध्ये निम्मा निकाल इथेच लागतो असं माझं मत आहे. गुण थोडे कमी असलेली मुलं पोर्टफोलिओच्या जोरावर आत गेलेली मी पाहिली आहेत. उलटं फारसं पाहिलेलं नाही.

आधी नियम वाचा: पानं किती, फाइल किती एमबीची, स्प्रेड (समोरासमोरची जोडपानं) चालतील की सुटी पानं, नाव लिहायचं की नाही. बऱ्याच शाळा स्लाइडरूमसारख्या पोर्टलवर फाइल मागतात आणि तिथे मर्यादा ओलांडली की फाइल चढतच नाही. माझा पहिला पोर्टफोलिओ ३८ एमबीचा होता, मर्यादा १५ ची. हे मला कळलं शेवटच्या रात्री साडेअकराला. घाईघाईत फाइल दाबली, गेली एकदाची. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, तर सेक्शनमधल्या, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रातल्या, सगळ्या बारीक रेघा गायब, फक्त कापलेल्या भिंतींचे काळे ठोकळे उरलेले. त्या शाळेतून नकार आला. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: पहिलं पान लावण्याआधीच मर्यादेची फाइल बनवायला घ्या, आणि तयार झाली की दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा.

किती कामं घालायची? चार ते सहा पुरेशी. सगळ्यात दमदार काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं. कॉलेजचे दहाही सेमिस्टर क्रमाने मांडू नका. पहिल्या सेमिस्टरमधला घनाकृतींचा अभ्यास तुम्हाला प्रिय असतो, वाचणाऱ्याने तसे शेकडो पाहिलेले असतात.

ज्यांचं शिक्षण आर्किटेक्चरचंच आहे त्यांची ठरलेली चूक म्हणजे चकचकीत रेंडर, संगणकावर काढलेलं फोटोसारखं चित्र. संध्याकाळचं आकाश, काचेत पडलेला उजेड, फुगे धरून पळणारी मुलगी. रेंडर आता सॉफ्टवेअर काढतं हे समितीला माहीत आहे. त्यांना बघायचं असतं की तुम्ही एका जागेकडे बघून विचार कसा केला, कुठे अडलात, काय टाकून दिलं. म्हणून अंतिम प्लॅनच्या शेजारी फसलेले दोन पर्याय छोटे करून लावा आणि ते का सोडले ते एका वाक्यात लिहा. कच्च्या मॉडेलचा, फेव्हिकॉलचे डाग दिसणारा फोटोही चालतो. ऑफिसचं काम घालणार असाल तर वाटा स्पष्ट लिहा: 'चौघांची टीम, सेक्शन, जिन्याचं डिटेल आणि मॉडेल माझं.' न लिहिलेला वाटा संशय वाढवतो. आणि ज्या ऑफिसचं काम आहे त्यांची परवानगी घ्या, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांची चूक याच्या नेमकी उलटी. ते महिनाभरात स्केचअप हे सॉफ्टवेअर शिकतात आणि बंगले काढतात.

अशीच एक जीवशास्त्राची पदवीधर माझ्याकडे आली होती. पाच बंगले, तिन्हीसांजेचे, सगळ्यांना पोहण्याचा तलाव. मी विचारलं, "कॉलेजमध्ये हाताने काय केलंस?" म्हणाली, "काही नाही, प्रॅक्टिकलच्या वह्या असतात तेवढ्याच." त्या वह्या आणायला लावल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पेन्सिलीने काढलेले पानांचे छेद: वरची त्वचा, खाली उभ्या पेशींची रांग, मग सैल जाळी, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या, तळाशी छिद्रं. प्रत्येक थराला नाव, बाजूला मोजपट्टी. पानाचा छेद म्हणजे सेक्शनच की! आत काय चाललंय ते कळावं म्हणून वस्तू कापून दाखवायची, आर्किटेक्ट दुसरं काय करतात? बंगले सगळे काढले. त्या जागी चार छेद मोठे करून लावले, त्यांच्यावरून तिने कागदाची दोन मॉडेल्स केली, उजेड आणि हवा थरांमधून कशी जाते ते दाखवणारी. तो पोर्टफोलिओ बारा पानांचा झाला आणि त्यात एकही इमारत नव्हती.

शिवणकाम, सुतारकाम, मातीची भांडी, फोटो, कॉमिक, कोडने काढलेली चित्रं, सगळं चालतं. फक्त हाताखालचं काम खरं हवं.

डिझाइनच्या अर्जात, विशेषतः इंटरअॅक्शन किंवा प्रॉडक्ट डिझाइनमध्ये, अंतिम वस्तूपेक्षा निर्णय दाखवा. कुणाशी बोललात, त्यातून काय कळलं, कोणता नमुना वापरताना लोक अडखळले, मग काय बदललं. काही ठिकाणी छोटा व्हिडिओही मागतात. तो खिडकीसमोर बसून, साध्या आवाजात करा, पार्श्वसंगीत नको. भारतातल्या आयआयटींच्या एम.डेस.सारखे काही कोर्स मात्र सीईईडीसारख्या प्रवेश परीक्षेतून जातात. तिथे पोर्टफोलिओचा नंबर परीक्षेनंतर लागतो, त्यामुळे तयारीचा क्रमही उलटा.

प्लॅनिंगला पोर्टफोलिओ बहुधा ऐच्छिक असतो. एखादा नीट काढलेला नकाशा, लिहिलेला अहवाल किंवा आकडेवारीवरचं काम असेल तरच जोडा. नसेल तर रकाना रिकामा सोडा, कुणी वाईट मानत नाही.

चौथी पायरी: एसओपी

प्लॅनिंगमध्ये जो मान पोर्टफोलिओला मिळत नाही तो सगळा एसओपीला मिळतो. शब्दमर्यादा साधारण ५०० ते १००० असते, ती पाळा.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात एसओपी अशा सुरू होतात: 'लहानपणापासूनच मला शहरांचं विलक्षण आकर्षण होतं.' हे वाक्य कुणीही लिहू शकतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. एका मुलाने चौथ्या मसुद्यात हे वाक्य काढलं आणि लिहिलं: 'नकाशावर बसथांबा होता, जागेवर नव्हता. तरी लोक रोज तिथेच उभे राहत होते, एका झाडाच्या सावलीत, आणि ड्रायव्हर तिथेच बस थांबवत होता. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये या झाडासाठी रकाना नव्हता.' पुढचा सगळा एसओपी याच झाडातून निघाला: औपचारिक आराखडा आणि लोकांनी स्वतः लावलेली सोय यांतलं अंतर कसं मोजायचं, त्यासाठी त्याला कोणती पद्धत शिकायची आहे, आणि ती पद्धत त्या शाळेत कोण शिकवतं.

शेवटचा भाग नीट करा. प्राध्यापकांची नावं घालायची तर दोनच, आणि त्यांचं काम खरोखर वाचून. ते अजून तिथे शिकवतात ना, तेही तपासा. निवृत्त झालेल्या माणसाच्या हाताखाली शिकायची तळमळ व्यक्त केलेली एसओपी मी स्वतः दुरुस्त केली आहे. आणि शाळेचं नाव बदलायला विसरू नका. हसू नका, दरवर्षी कुणीतरी विसरतंच.

पाचवी पायरी: शिफारसपत्रं

बहुतेक ठिकाणी तीन लागतात. त्यातलं निदान एक, शक्यतो दोन, शिकवणाऱ्यांचं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं कोरडं पत्र घेण्यापेक्षा स्टुडिओत रोज तुमच्या टेबलाशी येणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं पत्र घ्या. मागताना दोन महिने हाताशी ठेवा, आणि सोबत एक पान द्या: कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख कोणती, त्यांच्याकडे केलेलं काम कोणतं, त्यात काय घडलं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. सरांना पाच वर्षांपूर्वीची जुरी (परीक्षकांसमोर केलेलं कामाचं सादरीकरण) आठवत नसते.

'पत्र तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो' असं ऐकायला मिळेलच. शक्य तितकं टाळा. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची असली की वाचणाऱ्याला ते ओळखू येतं. अमेरिकन फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न असतो. तो विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या १९७४ च्या फर्पा कायद्यातून आला आहे. 'सोडतो' म्हणा, त्याने पत्राचं वजन वाढतं. पत्र देणाऱ्याचा ईमेल शक्यतो संस्थेचा असू द्या.

सहावी पायरी: गुण आणि परीक्षा

हे रुक्ष आहे, पटकन उरकू. अमेरिकेत बऱ्याच ग्रॅज्युएट स्कूलना चारपैकी किमान ३.० जीपीए लागतो. टक्क्यांचं रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका. फॉर्मवर मूळ गुण मागितले असतील तर मूळच लिहा, आणि मूल्यमापन हवं असेल तर डब्ल्यूईएससारखी संस्था सांगितलेली असते.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक डिझाइन आणि प्लॅनिंग शाळांनी काढून टाकली आहे किंवा ऐच्छिक केली आहे. तेव्हा आधी तुमच्या शाळांची यादी करा, मग परीक्षेची फी भरा. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण दोन वर्षंच. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही ठिकाणी सूट मिळते, पण त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, आणि कॉलेजच्या कार्यालयातून पत्र निघायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत आहेच.

सातवी पायरी: उलटी मोजणी

अमेरिकेतल्या बहुतेक तारखा डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला असतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ज्या वर्षी शिकायला जायचं त्याच्या आदल्या वर्षीचा एप्रिल ही खरी सुरुवात. एप्रिल-मे मध्ये शाळा ठरवा, राहिलेले विषय बघा. पावसाळ्यात पोर्टफोलिओ. सप्टेंबरमध्ये परीक्षा, म्हणजे पुन्हा द्यावी लागली तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हाताशी राहतात. एसओपीचा पहिला मसुदाही सप्टेंबरमध्येच, कारण चार मसुद्यांशिवाय ती जमत नाही. शिफारसपत्रांची विनंती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

शाळा किती? प्रत्येक अर्जाला फी आहे, शिवाय प्रत्येक पोर्टफोलिओ त्या शाळेच्या मापाने पुन्हा बसवावा लागतो. पाच-सहा नीट केलेले अर्ज बारा घाईच्या अर्जांपेक्षा बरे. फी माफीची सोय काही ठिकाणी असते. ती आधी मागावी लागते, भरल्यावर परत मिळत नाही.

शिष्यवृत्तीचं कॅलेंडर स्वतंत्र आहे आणि बऱ्याचदा प्रवेशाच्या आधी येतं. ब्रिटनची चेव्हनिंग घ्यायची तर अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, आणि किमान २८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो. कॉलेजमधून थेट निघालेल्यांनी तिच्यावर वेळ घालवू नये.

निकाल आल्यावर

काही शाळा त्याआधी मुलाखत घेतात. पोर्टफोलिओ समोर उघडून बसा. 'या पानावर काय चुकलं असं वाटतं?' हा प्रश्न येतो आणि 'काहीच नाही' हे उत्तर महागात पडतं.

अमेरिकेत आर्थिक मदतीसह जागा मिळाली असेल तर १५ एप्रिल लक्षात ठेवा. तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलच्या परिषदेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं त्या तारखेआधी होकार द्यायला भाग पाडू शकत नाहीत. तोवर बाकीच्यांचे निकाल येऊ द्या. मदतीची रक्कम कमी वाटली तर दुसऱ्या शाळेचं पत्र जोडून सभ्यपणे विचारायला हरकत नाही. मिळेलच असं नाही, पण विचारल्याने जागा जात नाही.

मिळालेला प्रवेश सहसा तात्पुरता असतो: पदवी पूर्ण झाल्याची अंतिम ट्रान्सक्रिप्ट पोहोचेपर्यंत. ती विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात मागवली असेल, तर एकदा बघूया म्हणून पाकीट फोडू नका. फोडलेलं पाकीट त्यांच्या लेखी रद्दी, आणि पुन्हा त्याच खिडकीसमोर रांगेत उभं राहावं लागतं.